पाच वेढ्यांखालचा लूप

गळाच्या रॉडवर दोरी ओवायच्या रिंगा बांधलेल्या असतात, पण त्यात गाठ एकही नसते. हे सांगितलं की गिऱ्हाईक आधी रिंगेकडे बघतं, मग माझ्याकडे. रिंगेचा पाय दोऱ्याच्या वेढ्यांनी काठीला आवळायचा आणि दोऱ्याची दोन्ही टोकं त्याच वेढ्यांखाली गाडायची. पहिलं टोक सोपं, त्याच्यावरूनच वेढे चढतात. शेवटच्या टोकासाठी, बांधणी संपायला सहा-सात वेढे उरले की दुसऱ्या दोऱ्याचा लूप काठीच्या लांबीला धरून ठेवायचा, उरलेले वेढे त्याच्यावरून घ्यायचे, दोरा कापून टोक लूपच्या डोळ्यात ओवायचं आणि लूप ओढून काढायचा. टोक वेढ्यांखालून त्याच्यामागे येतं. लूप गेला केरात.

माझ्या रोजच्या कामात या लूपचा विचार करावा लागत नाही. नागपुरात सक्करदऱ्यातल्या माझ्या खोलीत येतात ते बहुतेक फायबरचे रॉड, मरळीसाठी नाहीतर रोहू-कतल्यासाठी वापरलेले. कुठे कुरिअरने टोक मोडलेलं, कुठे घरच्या घरी इन्स्टंट गोंदाने चिकटवून अख्खी रिंग वाकडी बसवलेली. त्यांना जाड नायलॉनचा दोरा, पांढऱ्या ब्रेडचा, म्हणजे गळाच्या विणलेल्या दोरीचा लूप आणि वरून इपॉक्सी. "नवा रॉड आठशेत येतो, तुम्ही तीन रिंगांचे सहाशे घेता?" हे ऐकायचं, आणि मधूनमधून "भाऊ कुठे आहेत?" हेही. भाऊ कुणी नाहीत, बांधते मीच.

यंदा एप्रिलात एक डॉक्टर आले. रामदासपेठेतले, रक्तवाहिन्यांचे सर्जन. कापडी पिशवीत त्यांच्या आजोबांचा रॉड होता, तीन तुकड्यांचा, स्प्लिट केनचा. बांबूच्या सहा निमुळत्या पट्ट्या तासून एकमेकींना चिकटवलेल्या, त्यामुळे काठी गोल नाही, षट्‌कोनी. हा बांबू आपल्याकडचा मानवेल नव्हे. मानवेलाची काठी भरीव आणि चिवट, धरणावर ढिवर तीच सरळ तोडून गळाला वापरतात. अशा रॉडला चीनचा टोंकिन लागतो. मुठीकडच्या आणि टोकाच्या रिंगेत अकीक बसवलेला. अकीकाला तडा असेल तर डोळ्यांना दिसत नाही, दोरी मात्र कापली जाते. मी कापसाचा बोळा फिरवून पाहिलं, कुठे धागा अडकला नाही. आजोबा नोकरीनिमित्त जबलपूरला होते, नर्मदेवर महसीर धरायचे. डॉक्टरांना रॉड भिंतीवर टांगायचा नव्हता, पाण्यावर न्यायचा होता. हे मला आवडलं.

रिंगांच्या बांधणीत काही अवघड नव्हतं. अवघड होते मधले बंद. जुन्या विलायती रॉडना रिंगांच्या मध्ये, दर इंच-दीड इंचाला रेशमाचा बारीकसा बंद असतो. पट्ट्यांचा गोंद सुटू नये म्हणून तो घालत. नंतर नंतर शोभेसाठीही. एकेक बंद पाच वेढ्यांचा. म्हणजे लूप ठेवायचा तो पहिल्या वेढ्यापासूनच, आणि सुरुवातीचं टोकही त्याच पाच वेढ्यांखाली. इथे षट्‌कोन उपयोगी पडतो: टोक एका सपाट बाजूवर, लूप समोरच्या सपाट बाजूवर. कोपऱ्यावर लूप ठेवला की दोरा तिथेच चावतो आणि ओढताना टोक तुटतं. मोठ्या बांधणीत लूप जरा जाड असला तर पंचवीस वेढ्यांत ते खपून जातं. पाचांत नाही. ओढण्याच्या क्षणी त्या पाच वेढ्यांखालून दुहेरी लूप आणि दुमडलेलं टोक एकाच वेळी जात असतं. एवढा ऐवज गेला की वेढे फाकतात, आणि रेशीम पारदर्शक होणार असल्यामुळे ती फट वार्निशाखाली भिंगासारखी मोठी दिसते.

पांढरं रेशीम नुसत्या वार्निशाखाली जवळजवळ नाहीसं होतं, खालचा बांबू दिसतो. म्हणून नायलॉनच्या दोऱ्याला रंग टिकवणारा थर देतात तसा याला द्यायचा नसतो. मला हे रेशीम शेजारच्या काकाजींनी दिलं. काकाजी कोष्टी, उभा जन्म मागावर गेला. सुती नागपुरी साडीच्या रेशमी काठाचा धागा त्यांच्या पेटीत अजून आहे. कोसा, म्हणजे टसर रेशीम, मी आधीच बाजूला ठेवला होता. भंडाऱ्याकडचा कोसा सुंदर, पण जाडीला एकसारखा नाही आणि त्याचा मधाळ रंग वार्निशाखाली गडद होतो.

मग लूप कशाचा, हा प्रश्न. ब्रेड ताकदीच्या मानाने बारीक, पण लुळा. त्याचा डोळा मिटतो आणि टोक ओवताना मान मोडते. हिरवा ब्रेड तर लावूच नये, रंग सुटतो. साधी मोनो, म्हणजे गळाची एकपदरी दोरी, ताठ, डोळा उघडा राहतो, पण पाच वेढ्यांखाली ती फारच जाड. दाताचा मेणाचा दोरा गुळगुळीत निघतो आणि मागे मेण ठेवतो. त्यावर वार्निश धरत नाही, गोल चट्टे पडतात. तार बांबूला ओरखडते. एका गिऱ्हाइकाने नायलॉन मांजा सुचवला, 2017 साली हरित लवादाने देशभर बंदी घातलेला. दर संक्रांतीला इथे त्याने गळे कापले जातात आणि याच्या घरी त्याची चक्री होती. त्याला मी रॉडही परत दिला.

मी त्याच रेशमाचा लूप घेतला. जाडी जुळते, पण रेशमावर रेशीम धरतं. कधी लूप तुटे, कधी टोक.

काकाजी दुपारी येऊन बसले. खोलीतला कूलर बंद होता. खसच्या कूलरची ओल हवेत असली की वार्निशावर दुधी साय येते, त्यामुळे नागपूरच्या एप्रिलात मी घामाघूम होऊन काम करते आणि घाम रेशमाला लागू नये म्हणून मनगटाला फडकं बांधते. काकाजींनी तुटलेलं टोक उजेडात धरलं, चिमटीत फिरवलं.

"काय वं पोरी, पीळ कोणीकडे आहे पाह्यला काय?"

धागा मी गुंडाळत होते त्या दिशेने त्याचा पीळ उकलत होता. उकललेला धागा चपटा होतो, त्याचे तंतू सुटतात, आणि लूप जाताना त्या तंतूंत अडकतो. काठी उलटी धरून बांध, म्हणाले. मी तुकडा फिरवला. बंद गोल, घट्ट बसू लागले. लूप अजून अडत होता, पण तुटणं कमी झालं. रॉड बांधायचे इतके व्हिडिओ आहेत, पिळाबद्दल बोलताना त्यांतला एकही मी ऐकला नव्हता. मागावरच्या माणसाला ते विचारावंही लागलं नाही.

संध्याकाळी डॉक्टर डोकावले, मी काय करतेय ते उभ्यानेच बघितलं आणि गाडीतून मुदत संपलेल्या टाक्यांच्या धाग्यांची पाकिटं घेऊन आले. पॉलिप्रॉपिलीन, निळा, एकसंध, 5-0, म्हणजे पाच शून्यांचा. शून्यं जितकी जास्त तितका धागा बारीक. 5-0 म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित जाड. "ताई, धमनी शिवतो मी याने. तुमची काठी काय आहे?"

डॉक्टरांना आपल्या सामानाचा जो अभिमान असतो तो मला एरवी सोसत नाही. पण धागा खरंच चांगला होता. ताठ, त्यामुळे डोळा उघडा. इतका निसरडा की टोक न अडखळता आलं. फक्त पाकिटातल्या घड्या त्यात तशाच राहतात, म्हणून आधी बोटांत ताणून सरळ करावा लागतो.

मग त्यांनी मागितलं, "एक मला ओढू द्या." मी दिलं. ओढणं हे सगळ्या बांधणीतलं एकच काम आहे जे मी कुणाला देत नाही. त्यांनी हात काठीला टेकवला, लूप वर न उचलता काठीला समांतर धरला आणि इतका हळू ओढला की मला वाटलं थांबलेच. बंदाचा एकही वेढा हलला नाही. टोक जरा ताणून ब्लेडने बंदालगत कापलं, ते आत सरकलं. काकाजी म्हणाले, "याचा हात कोष्ट्याचा आहे." डॉक्टरांना ते कौतुक कळलं की नाही कोण जाणे.

त्यांनी आणखी काही बंद ओढले. मी मुद्दाम मध्येच एक रेशमाचा लूप ठेवला, न सांगता. तोही तसाच आला.

इथे माझं घोडं अडलंय. खालचे दोन तुकडे रेशमाच्या लूपवर झाले, वरचा बराचसा टाक्याच्या धाग्यावर. वार्निशाचे थर दिल्यावर भिंगाखाली वरचा तुकडा उजवा दिसतो. पण तो मुळात बारीक, आणि पीळ जुळवल्यानंतर बांधलेला. त्यातले निम्मे बंद डॉक्टरांनी ओढलेले. लूपचं श्रेय किती, पिळाचं किती आणि हाताचं किती, हे त्या काठीवरून आता सांगता येत नाही. आजोबांच्या रॉडचे मूळ बंद उकलतानाही मी हेच शोधत होते, की त्या विलायती कारागिराने कशाचा लूप वापरला असेल. त्याची कुठे खूण राहत नाही. राहिली तर काम वाईट झालं.

मला एक भंगारातली केन काठी हवी आहे, एकाच जाडीवर दोन्ही लूप, दोन्ही दिशांना, फक्त माझ्या हाताने ओढून बघायला. नागपुरात ती मिळत नाही. जुन्या सामानवाल्यांना सांगून ठेवलंय, ते मला हॉकी स्टिका दाखवतात.

डॉक्टरांकडे आजोबांचा दुसराही रॉड आहे म्हणे, पावसाळ्यानंतर आणणार आहेत. "पैसे पूर्ण देईन," म्हणाले, "पण लूप सगळे मीच ओढणार." अशा गिऱ्हाइकाला भाव वाढवून सांगावा की कमी करून, ते अजून ठरत नाहीये.