स्क्रीन काळी करून मी काय ऐकते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गोव्यात, पणजी शहरात आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. तिथे येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक हे विचारतं, परवा मावसबहिणीनेही विचारलं: स्क्रीन काळी करून, माउस काढून ठेवून, कानात इअरफोन घालून तू करतेस तरी काय? वेबसाइट ऐकते म्हटलं की लोक हसतात.

हे खूळ लागलं ते फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या वेबसाइटच्या कामापासून. काम माझं, चुकाही माझ्याच. अभिषेकाची तारीख ठरवायची, पैसे भरायचे, पावती घ्यायची, एवढाच मामला. कॅलेंडर मी हौसेने रंगवलं होतं, मोकळे दिवस हिरवे आणि भरलेले लाल. समिती खूश होती. बाबांच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका म्हणाले, “बघूया तुझं काम.” काकांना जन्मापासून दिसत नाही.

ओसरीवर बसून त्यांनी फोन काढला. त्यात टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारं सॉफ्टवेअर, चालू होतं. अँड्रॉइड फोनमध्ये ते मुळातच असतं: बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचून दाखवतं, दोनदा टकटक केलं की ती उघडतं. त्याचा वेग काकांनी इतका वाढवलेला, की मला शब्दही धड लागेना. पण आमच्या पानावर आल्यावर मलासुद्धा सगळं कळायला लागलं. ‘अनलेबल्ड, बटन.’ बोट सरकलं. ‘अनलेबल्ड, बटन.’ परत तेच. घंटा, पावती आणि फोन अशी तीन चित्रं मी तिथे नीट ओळीत बसवली होती, नावं द्यायला विसरले होते.

“तुझ्या पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकाच सुरात वाजतात गो,” काका म्हणाले.

कॅलेंडर उघडलं तर फोन नुसते आकडे मोजत सुटला. कुठला महिना, पत्ता नाही. मोकळा दिवस की भरलेला, तेही नाही; रंग सोडून दुसऱ्या कशानेही मी ते सांगितलंच नव्हतं. काकांनी दोनदा टकटक केलं ते नेमकं लाल तारखेवर. काही घडलं नाही, आणि काही घडलं नाही हेही त्यांना कुणी सांगितलं नाही. तीनदा करून बघितल्यावर म्हणाले, “राहू दे, मी भटजींनाच फोन करतो.”

त्या रात्री माउस काढला आणि टॅबचं बटन दाबत पुढे गेले. टॅब तारखांवर थांबेचना. त्या बटनं नव्हत्याच मुळी. साध्या मजकुराला मी क्लिक चिकटवली होती, आणि दिसायला बटनासारखं दिसतंय म्हणून तो विषय माझ्या डोक्यातून गेला होता. डोळा आपल्याला फार सांभाळून घेतो. घंटा दिसली की उरलेलं तो स्वतःच जुळवतो, कान जुळवत नाही. म्हणून स्क्रीन काळी. ऑफिसच्या संगणकावर मी एनव्हीडीए वापरते, तेही टॉकबॅकसारखंच स्क्रीन वाचून दाखवतं. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध प्रोग्रॅमरने ते सुरू केलं, फुकट मिळतं, आणि त्यात स्क्रीनवर काळा पडदा टाकायची सोयही आहे. पडदा नसला की मी चोरून बघते, हे अनुभवाने सांगते.

गोव्यात याला भाषेचा एक वेगळाच फाटा आहे. आमच्याकडे एकाच पानावर मराठी, कोकणी आणि इंग्रजी गुण्यागोविंदाने नांदतात. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे लिपी बघून यंत्राला काही उमगत नाही. पुष्कळदा हिंदी आवाज पुढे होतो आणि ‘चांगला’चं ‘च्यांगला’ करून टाकतो. कोडमध्ये मराठी मजकुराला ‘एमआर’ आणि कोकणीला ‘केओके’ अशी खूण घातली, तर फोनला योग्य आवाज निवडता येतो, अर्थात तो आवाज फोनमध्ये असला तर. माझ्या तयार टेम्प्लेटच्या पहिल्याच ओळीत अख्खं पान इंग्रजी असल्याचं लिहिलं होतं. वर्षभर ती ओळ कुणी वाचली नव्हती. जत्रेची पत्रिका तर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींच्या आजच्या सामायिक पद्धतीच्या, आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती: डोळ्यांना झकास मराठी, आत सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं. ती ऐकताना काका पोट धरून हसले.

“पण असे किती जण येणार?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. कायदा हवा असेल तर २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ला तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण केवायसीचं होतं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, असं सांगतात ना, त्याचं. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या माणसांनी काय मिचकावायचं?

गिऱ्हाइकाला कायदा फारसा पटत नाही, चोडणची फेरीबोट पटते. भर दुपारी रायबंदरला येताना फोनवर पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरं वाचून दाखवा म्हणते. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जगभर मानली जाणारी डब्ल्यूसीएजी ही नियमावली साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मागते. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १. एवढं सगळं मोकळं मैदान सोडून डिझायनर मंडळी २ : १च्या कोपऱ्यात का जाऊन बसतात, देव जाणे.

देवस्थानाचं कॅलेंडर मी नव्याने लिहिलं. आता फोन म्हणतो, ‘सोमवार, १२ जानेवारी, मोकळा.’ भरलेल्या तारखेवर गेलं तर ‘भरलेला’ म्हणतो. काकांनी ओसरीवरूनच अभिषेक ठरवला, पैसे भरले, पावती आली. त्यांनी ती उघडली, बोट सरकवलं, फोन गप्प.

“ही काय म्हणते गो?”

पावती म्हणजे अख्खं एक चित्र होतं. सध्या तेच काम चाललंय.