त्याला सांगावं लागतं

भाची आली ती चपला काढून थेट माझ्या कपाटाशी. "मामा, तुझा तो जुना डिजिकॅम कुठंय?"

डिजिकॅम हा शब्द मला नवा होता. आम्ही त्याला सुरुवातीचे सहा महिने 'डिजिटल कॅमेरा' म्हणायचो, नंतर नुसता कॅमेरा. तिच्या कॉलेजात म्हणे सध्या त्याची क्रेझ आहे. खिशात भारीतला फोन असतो, पण फोटो काढायचे ते मावशीच्या नाहीतर मामाच्या माळ्यावरच्या चंदेरी डबीने. का, तर "फोनचे फोटो फार शहाणे येतात रे."

सापडला. स्वेटरांच्या खाली, काळ्या पाऊचमध्ये. २००७ च्या दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला, ७.१ मेगापिक्सेलचा, चारपट ऑप्टिकल झूमवाला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सेलचा कप्पा उघडताना मी श्वास रोखला होता, कारण वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल पाझरतात आणि स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढतं. कप्पा स्वच्छ होता. बायकोने कधीतरी ते सेल काढून घड्याळांना घातले असणार. मग आम्ही उलटा प्रवास केला. एक सेल हॉलच्या घड्याळातून, एक स्वयंपाकघरातल्या.

ज्झीं करून भिंग बाहेर आलं आणि पडद्यावर पहिला प्रश्न आला. आज तारीख काय?

भाचीला हे फार गमतीशीर वाटलं. फोनला आपण कधी तारीख सांगत नाही. तो परस्पर नेटवर्ककडून विचारून घेतो. या डबीला मात्र कुणाशी बोलायची सोय नाही. आत तारीख धरून ठेवणारी एक बारीकशी बॅटरी असते, तिने केव्हाच प्राण सोडलेला. त्यामुळे कॅमेरा झोपेतून उठल्यासारखा १ जानेवारीला येऊन उभा होता, रात्री बाराच्या ठोक्याला.

२००७ साली मी हा प्रश्न उडवून लावला होता. नवा कॅमेरा हातात आल्यावर तारीख-वार कोण भरत बसतो? त्याची शिक्षा अजून आमच्या कॉम्प्युटरवर आहे. त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन १ जानेवारीला झालंय, भाऊबीज तीन तारखेला आणि तुळशीचं लग्न ऐन भोगीच्या सुमारास. मुलाने केलेला प्रतापगड, त्यावर पेरलेले अळीव, बुरुजावर तोफेएवढा उंच मावळा, सगळे नववर्षाच्या पहाटे.

आईला तेव्हा मी हे खजील होऊन सांगितलं, तर तिला काहीच वाटलं नाही. "मग? माझी नाही का एक जून?"

आईचा जन्म भाद्रपदातला. गौरी जेवल्या त्या दुपारी, एवढं तिच्या आईने सांगून ठेवलेलं. सालाबद्दल थोडा वाद आहे. पण शाळेत नाव घालायला गेले तेव्हा मास्तरांना तिथी चालेना. शाळा जूनमध्ये सुरू होणार, वयाचा हिशेब सोपा जावा, म्हणून त्यांनी सरळ १ जून लिहून टाकलं. तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या तिघांनाही तेच. अजूनही १ जूनला आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केकची इतकी चित्रं येतात की सगळी म्हातारी माणसं एकाच दिवशी, एकाच सुइणीच्या हातून झाली असावीत असं वाटतं. तारीख कुणी सांगितली नाही की मास्तर काय आणि कॅमेरा काय, आपल्या सोयीची घालतात.

मी भाचीला तारीख भरायला लावली. बाण वर, बाण खाली, मग सेट. तिने नवं ६४ जीबीचं कार्ड आणलं होतं. कॅमेऱ्याने ते ओळख द्यायलाही नकार दिला. त्याच्या काळी एवढं मोठं कार्डच नव्हतं, तर बिचाऱ्याने ओळखावं कसं? शेवटी पाऊचच्या आतल्या खणातून त्याचं जुनं १ जीबीचं निघालं. ते घातलं तर म्हणतो, कार्ड लॉक आहे. त्या कार्डाच्या कडेला तिळाएवढी एक खिट्टी असते, ती नखाने वर सरकवायची. हे मला तेव्हा कळायला एक अख्खी मुंज लागली होती.

तसा मी हा कॅमेरा पुस्तिका वाचून शिकलोच नाही. मला शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्याने. पासपोर्ट फोटो काढताना "हनुवटी किंचित खाली" म्हणणारा माणूस. छत्तीस फोटोंचे रोल विकण्यात त्याची हयात गेली होती आणि मी त्याच्याच दुकानात, त्याच्या धंद्यावर उठलेली वस्तू घेऊन, 'माझे फोटो का हलतात?' म्हणून विचारायला गेलो होतो. त्याने राग धरला नाही. कॅमेरा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "हे आंधळं आहे. ह्याला सांगावं लागतं."

काय काय सांगावं लागतं याची यादी मग चुकांमधून तयार झाली. मागच्या चकतीवर एक फुलाचं चित्र असतं. ते दाबलं की कॅमेऱ्याला वाटतं आपल्याला अगदी जवळचं पाहायचंय, पाच सेंटिमीटरवरचं. मी अंगणातल्या जास्वंदीचा एक सुरेख फोटो काढला, फूल तसंच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशीचे रायगडावरचे निम्मे फोटो धुक्यात गेले. धुकं नव्हतं. टकमक टोकावर उभा राहून कॅमेरा नाकासमोर जास्वंद शोधत होता.

वरच्या चकतीवर आणखी मजा. देखाव्यांचे प्रकार. लहान मुलं आणि प्राणी एकाच खात्यात टाकलेले, याचं आमच्या घरी कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आतषबाजी, समुद्रकिनारा, पानझडीची पानं आणि बर्फ! कॅमेरा जपानी, त्याला बिचाऱ्याला वाटणार की माणसाच्या आयुष्यात एवढं तरी येणारच. आमच्या जिल्ह्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. ते चिन्ह मी तीन वर्षं बोटाने ओलांडून पुढे जात होतो.

मग एका ज्येष्ठात पालखीबरोबर दिवे घाट चढलो. ऊन लख्ख पडलेलं, समोर पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, सबंध घाट पांढरा. आणि माझ्या पडद्यावर सगळे वारकरी मळकट, करडे, जणू पंधरा दिवस धुणं नाही. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा एवढा का गोंधळतो हे मी परत आल्यावर स्टुडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्याला रंग-बिंग काही कळत नाही. समोर जे असेल ते सरासरीने मध्यम करडं आहे, एवढं एकच त्याला शिकवलेलं. पांढरं दाखवलं तर त्याला वाटतं उजेड फार झाला, तो पडदा ओढतो. बर्फाचं चिन्ह म्हणजे त्याला दिलेली समज: बाबा रे, हे खरोखरच पांढरं आहे, आवरतं घेऊ नकोस.

पुढच्या वर्षी मी भर उन्हात, घामाने निथळत, बर्फ लावून वारी टिपली. धोतरं शुभ्र आली.

याच्या उलट अवघड पेपर संक्रांतीचा. बोरन्हाणाला बसलेलं वर्षाचं मूल, अंगात काळं झबलं, आणि त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. कॅमेऱ्याला काळं दिसतं, तो उजेड वाढवतो, झबलं राखाडी होतं आणि रात्र-रात्र जागून शेगडीपाशी काटे आणलेला हलवा नुसता पांढरा ठिपका होऊन बसतो. तिथे वजाबाकी करावी लागते. अधिक-उणेचं एक बटण असतं, एकेका तृतीयांशाने सरकणारं. दोन घरं उण्यात गेलं की हलव्याचा काटा न् काटा दिसतो. अर्थात तोवर मुलाने मुकुट उपसून तोंडात घातलेला असतो.

फ्लॅशबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलायचं नाही. ओवाळताना तबकातल्या निरांजनाचा उजेड बहिणीच्या हनुवटीवर येतो, त्यासाठीच तर तो फोटो काढायचा. आणि ही डबी विजेचा लोळ टाकून सगळ्यांना कचेरीतल्या ओळखपत्रावर आणून बसवते. तेव्हा आधी विजेचं चिन्ह बंद. मग उजेड कमी पडतो म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवायचा. तो वाढवला की फोटो रवाळ होतो. आत चित्र झेलणारा जो तुकडा असतो तो हरभऱ्याच्या डाळीएवढा, सहा मिलिमीटरसुद्धा रुंद नाही, आणि त्यावर सत्तर लाख टिंबं दाटीवाटीने बसलेली. प्रत्येकाच्या वाट्याला उजेड येऊन येऊन येणार किती? तूप रवाळ असावं, फोटो नव्हे. म्हणून मी चारशेच्या पुढे जात नाही. खांदा दाराच्या चौकटीला टेकवायचा, श्वास सोडायचा आणि बहिणीला सांगायचं, ताई, तबक क्षणभर धर तसंच.

पण या सगळ्यापेक्षा मला आवडते ती अर्धं बटण दाबायची गोष्ट.

या कॅमेऱ्यात बोट दाबल्यावर फोटो निघेपर्यंत मध्ये एक घटका जाते. आधी तो अंतर शोधतो, मग उजेड मोजतो, मग कुठे डोळा मिटतो. मावसभावाच्या लग्नात मी हे भोगलं. गुरुजी "सावधान" म्हणाले, अंतरपाट सरला, मी बटण दाबलं. फोटोत आल्या मामांच्या पाठी आणि जमिनीवर पडलेल्या अक्षता. पुढच्या लग्नात मी 'साव'वर दाबायचं आणि 'धान'ला फोटो निघेल असा हिशेब केला. नेमके गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक लांबवलं.

स्टुडिओवाल्याने माझं बोट धरून दाखवलं. बटण पूर्ण दाबू नका. अर्ध्यावर या. टिटीट वाजेल, हिरवी चौकट दिसेल. आता त्याने बघून ठेवलंय. आता तुम्ही थांबा. माणूस हसू दे, अंतरपाट सरू दे, मग उरलेलं अर्धं. ते लगेच निघतं.

हे बोटाला कळायला फार दिवस लागतात. नवशिक्याचं बोट एकतर वर राहतं, नाहीतर थेट तळाला जातं. अर्ध्यावर तोल सांभाळत थांबणं त्याला जमत नाही. भाचीचंही तेच झालं. तिने खिडकीतल्या मनीप्लँटवर दोन फोटो उडवले, दोन्ही हलले. "किती स्लो आहे हा!"

मी तिला म्हटलं, १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र काळंपांढरं, शंभर बाय शंभर टिंबांचं, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे.

"तेवीस सेकंदांत माझं रील संपतं," भाची म्हणाली. तिच्या तोंडी रील म्हटल्यावर मला आधी छत्तीसवालंच आठवलं.

एवढ्यात पडद्यावर लाल सेल लुकलुकायला लागला. घड्याळाच्या सेलकडून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. घड्याळ थेंब थेंब पितं, हा घटाघटा पितो. याने टाकून दिलेला सेल घड्याळात पुढे सहा महिने निवांत चालतो. फार तर तीन-चार फोटो उरले होते. भाची एकदम गंभीर झाली. फोनमध्ये तिचे अकरा हजार फोटो आहेत, आणि आता तीन कशावर खर्चावेत याचा तिला विचार पडला.

तिने आजीला हाक मारली.

आई कॉटवर मेथी निवडत बसली होती. "माझा कशाला? त्या झाडाचाच काढ," म्हणत तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला, चष्मा काढला, परत घातला. भाचीने उजेड बघितला, आजीला खिडकीकडे थोडं सरकवलं, फ्लॅश बंद केला, हे मी न सांगता. मग बोट अर्ध्यावर आलं. टिटीट. हिरवी चौकट आजीच्या चेहऱ्यावर बसली. भाची थांबली. आई ताठ, गंभीर, रेशनकार्डाला काढतात तशी. भाची थांबलेलीच. सात-आठ सेकंद गेली असतील. आईला वाटलं झालं. ती पुन्हा मेथीकडे वळली आणि एक पिकलं पान बघून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली.

तेव्हा ते उरलेलं अर्धं बटण खाली गेलं.

"आला का?" आईने विचारलं. भाचीने पडदा तिच्यापुढे धरला. आईने चष्मा वर करून पाहिलं, मेथीच्या जुडीकडे पाहिलं, खालच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"तारीख नीट घातलीस ना गं? नाहीतर जन्मभर वागवावी लागते."

भिंग ज्झीं करत आत गेलं आणि पडदा विझला. मी सेल काढून दोन्ही घड्याळांत परत घातले. स्वयंपाकघरातलं चालू झालं. हॉलचं चालू झालं खरं, पण चाळीस मिनिटं मागे. आणि मेथी निवडून झाली तरी कुणी ते पुढे केलं नाही.