लुसिटानिया 1/350: कललेल्या जहाजाचा डायोरामा, टप्पा तिसरा

हल (जहाजाचे बाहेरचे धड) कापून झाला, डॅव्हिट (बोटी खाली सोडायचे वाकडे खांब) बसले, लाइफबोटी निम्म्या लटकल्या आहेत. प्रसंग 7 मे 1915 चा, लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडाले तेव्हाचा. आयर्लंडच्या ओल्ड हेड ऑफ किन्सेलजवळ दुपारी 2:10 ला यू-20 या जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो उजव्या बाजूला, ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या जागेच्या) जरा मागे लागला. 18 मिनिटांत जहाज बुडाले आणि सुमारे 1,200 माणसे गेली. डायोरामात सुरुवातीची काही मिनिटे धरली आहेत: उजवीकडे 15 अंश कल, नाळ (पुढचे टोक) 2 अंश खाली.

1/350 प्रमाणातले मॉडेल 685 मिमी लांब, 76 मिमी रुंद. या कलात उजवी कड 10 मिमी बुडते, डावी तेवढीच वर येते. पाणरेषा मोजून आखू नका. हल काचेवर पाचरी लावून त्याच कोनात पक्का करा आणि ठोकळ्याला बांधलेली पेन्सिल भोवती फिरवा. कापण्याआधी आत दर 60 मिमीवर 2 मिमी स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या पत्र्याच्या) आडव्या भिंती हव्यात, नाहीतर हल पिळतो आणि डेक बसत नाही. रेषेबाहेर 1 मिमी सोडून कापा, उरलेले काचेवर पॉलिशपेपर पसरून घासा.

खरी मेख लाइफबोटींत आहे. डेक कितीही कलो, बोट ओळंब्यातच लटकते. डेकला समांतर चिकटवलेली बोट ही या जहाजाच्या मॉडेलमधली सर्वांत वाईट चूक, कारण 48 पैकी जेमतेम 6 बोटी नीट सुटल्या त्या याच कलामुळे. डॅव्हिटच्या टोकापासून 20 मिमी खाली आलेली उजवी बोट 5 मिमी बाहेर जाते, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ 2 मीटर. डाव्या बोटी हलला टेकून रिव्हेटांवर घासतात. तिथे फट ठेवू नका. प्लास्टिकची बोट हलकी, दोरा ताणत नाही. गोंद सुकेपर्यंत तिच्यात शिशाचा छोटा तुकडा ठेवा. विषम क्रमांक उजवीकडे. 5 नंबरची बोट स्फोटातच गेली, तिचे डॅव्हिट रिकामे सोडले आहेत.

मॉरेटानिया या जोडीच्या जहाजाच्या किटमधले काउल (कर्ण्यासारख्या तोंडाचे) व्हेंटिलेटर इथे चालत नाहीत. लुसिटानियाचे डब्यासारखे, झाकणाचे. धुराड्यांना मालक कंपनी क्युनार्डचा लाल रंगही 1915 साठी चुकीचा, गडद रंग द्या.

पुढे पाणी. ते फोमवर करायचे. सुपरग्लू किंवा स्प्रे लॅकर लागला तर फोम विरघळतो, म्हणून फेव्हिकॉल आणि अॅक्रिलिक जेल. समुद्र शांत होता, पण जहाज थांबलेच नाही, पुढे सरकत राहिले; त्यामुळे मागे पांढरा फेसाळ पट्टा हवाच.