जुनी बाग, सेंद्रियची तीन वर्षं

आमच्या वायनरीचं भांडवल म्हणजे आजोबांनी लावलेली बाग. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने २०२४ मध्ये ३५ वर्षं किंवा त्याहून अधिक वयाची वेल 'जुनी' मानायचं ठरवलं. आमच्या वेलींनी ती हद्द केव्हाच ओलांडली होती. घड कमी, मणी बारीक, पण रस असा दाट की वायनरीत फारशी लुडबुड करावी लागत नाही.

मात्र दरवर्षी काही वेली वाळायच्या. उपटून नवीन लावा, हाच सल्ला जो तो द्यायचा. मी सेंद्रियकडे वळले ती तत्त्वासाठी नव्हे. ओळीतली जमीन इतकी घट्ट झाली होती की पहार टणकन वर यायची.

पहिल्याच वर्षी घोडचूक केली. तणनाशक बंद केलं आणि लगेच खोडालगत खोल मशागत केली. तिथे इतकी वर्षं तणच नव्हतं, त्यामुळे बारीक मुळं वरच्या थरात पसरली होती. ती तुटली आणि थोड्याच दिवसांत शेंड्यांनी माना टाकल्या. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. पुढे एक ओळ सोडून एक, अशी वरवर मशागत केली आणि मधल्या ओळींत गवत वाढू दिलं. आता मात्र बाबा बोलले, "अगं, ही बाग आहे की कुरण?"

सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. भुरी रोगाला गंधक लागतं, केवडा रोगाला मोरचूद (म्हणजे तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, जे १८८० च्या दशकापासून चालत आलंय. पण तांबं पानाच्या आत शिरत नाही. पावसाने धुतलं की संपलं, आणि फवारणीनंतर फुटलेलं पान उघडंच. दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यात पावसाची झड लागली आणि मला दोन दिवस उशीर झाला. पानावर तेलाचा थेंब पडावा तसे पिवळे डाग. पान उलटलं तर खाली पांढरी लव. निम्मं पीक गेलं.

घाबरून जास्त फवारावं, तर तांबं विरून जात नाही, मातीत साठतं. युरोपीय संघात त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, ती याच कारणासाठी. मीही वजन करून लिहून ठेवू लागले. मात्रा कमी, पण पावसाच्या आधी. बुडातली पानं काढून घडांना वारा दिला. याने जो फरक पडला, तो औषधाने पडला नव्हता.

सेंद्रिय प्रमाणपत्राच्या कागदपत्रांचं फार सांगण्यासारखं नाही. रूपांतरणाचा काळ तीन वर्षांचा, तोवर बाटलीवर 'सेंद्रिय' लिहिता येत नाही. तपासनीसाने सगळ्यात जास्त चौकशी फवारणी पंपाची केली, की तो दुसऱ्या कुणाच्या बागेत जातो का. जात होता. बंद केला.

मेलेल्या वेलींच्या जागी रोपं लावून पाहिली. जुन्या मुळांच्या गर्दीत ती खुरटली. मग दाब कलम केलं. शेजारच्या वेलीची लांब काडी वाकवून मातीत पुरायची आणि शेंडा रिकाम्या जागी वर काढायचा. आईवेल पोसते म्हणून ती तगते. अडचण एकच, अशी वेल स्वतःच्या मुळांवर वाढते, खुंटावर, म्हणजे कीड सोसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या मुळांवर, नाही. जमिनीत फिलॉक्सेरा हा मुळांवर जगणारा किडा असेल तर हा मार्ग बंदच. आमच्याकडे तो नव्हता. काही खोडं वरून पोकळ झाली होती, तिथे बुडातून फुटलेला धुमारा राखला आणि वरचं खोड कापलं. करवतीखालून भुसभुशीत, पिवळट लाकूड सांडायचं.

तिसऱ्या छाटणीला बाबा माझ्या आधी बागेत पोचले होते. काही लांब काड्यांना त्यांनी सुतळी बांधून ठेवली होती. मी कात्री उचलली, तेवढ्यात लांबून ओरडले, "सुतळीवाल्यांना हात लावू नकोस, त्या दाबायच्यात."