काटा खाली येत होता

आज पाळी सुरू होताच अग्निशमन बंबाच्या पंपाची व्हॅक्यूम टेस्ट घेतली. डिझेल, ऑइल, बॅटरी, टायर, ब्रेकची हवा, सायरन हे रोजचंच, पटापट होतं. पंपाला मात्र वेळ द्यावाच लागतो.

आपला सेंट्रिफ्यूगल पंप स्वतः हवा काढू शकत नाही. विहिरीतून पाणी घ्यायचं तर आधी प्रायमरने सक्शन पाइपातली हवा काढायची. मग बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हिशेबाने साधारण 10 मीटर, प्रत्यक्षात 7 मीटर मिळाले तरी खूप. त्यात कुठे बारीक गळती असली की संपलंच.

आज व्हॅक्यूम दाखवणारा काटा चढला, पण टिकेना. टाकीतलं पाणी मारताना हा दोष कळलाच नसता, कारण तिथे सक्शन पाइप लागतच नाही. कपलिंगमधलं, म्हणजे पाइपाच्या जोडातलं, रबरी वायसर कडक झालं होतं. बदललं, काटा थांबला. खूप बरं वाटलं! कडब्याची गंजी पेटली की टाकी बघता बघता संपते आणि मग भिस्त विहिरीवरच असते.

1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांना आम्ही दर 14 एप्रिलला मानवंदना देतो. माझ्यासाठी सकाळची ही तपासणीही त्यातलीच.

नव्या पोरांनो, नोंदवहीत ‘ठीक’ लिहिण्याआधी सक्शन जोडून बघत जा. आणि उद्या होज (पाणी मारायचे पाइप) वाळवून घडी बदलायची आहे, त्याच घडीवर राहिले की तिथेच चिरतात.