खोलीतलं लिंबूटिंबू

"नुसतं खेळून काय होणार? खेळतो तर तो घरीही." मी मुलांसोबत प्ले थेरपीचं, म्हणजे खेळातून मनावर उपचार करण्याचं, काम करते हे कळलं की हा प्रश्न येतोच. आईवडील चाचरत विचारतात, नातेवाईक बिनदिक्कत. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या खोलीत जादूचं खेळणं एकही नाही. बाहुल्यांचं घर, भातुकली, डॉक्टरचा संच, दात विचकणारी मगर, वाळूचा ट्रे, रंग, माती. सेलवर चालणारं काही ठेवत नाही. ते स्वतःच खेळतं आणि मूल बघत बसतं. प्रत्येक वस्तू दर आठवड्याला त्याच जागी असते. ज्याच्या घरात सगळं उलटंपालटं झालंय, त्याला मगर खालच्या फळीवरच सापडणं ही लहान गोष्ट नसते.

फरक असतो तो मोठ्या माणसात. घरी आपण खेळायला बसलो की दोन मिनिटांत मास्तर होतो. "हा कुठला रंग? गाय कधी निळी असते का?" शाबासकीचाही घोटाळाच असतो: "वा, किती छान!" म्हटलं की पुढचं चित्र मूल आपल्यासाठी काढतं. खोलीत डाव मुलाचा आणि मी त्यातलं लिंबूटिंबू. खेळात असते, पण नियम मी ठरवत नाही. दिसतं ते बोलते: "मगरीने सगळ्यांना खाल्लं. बाळालाही सोडलं नाही." बाळ किंचाळलं तर, "बाळ फार घाबरलं." बस.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये या कामाची आठ तत्त्वं लिहून ठेवली. त्यातली दोन मला अजून अवघड जातात: वाट मूल दाखवेल, तुम्ही मागून चला, आणि घाई करू नका.

घाई मी केलेली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एक मुलगी (तपशील बदललेत) दर वेळी एका बाहुल्याला वाळूत पुरायची. वर हाताने थापटून थापटून जमीन सपाट करायची. तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही. "हा कोण गं? कोणी ओळखीचं आहे का?" तिने माझ्याकडे पाहिलं, हात झटकले आणि उरलेला वेळ भातुकलीची भांडी ओळीने मांडत बसली. वाळूकडे परत वळायला तिला महिना लागला. बाहुला हा बाहुलाच आहे, तोपर्यंत त्याला पुरता येतं. मी त्याला माणूस करायला गेले आणि तिची आडोशाची जागा गेली. बरं, तो कोण होता हे मला आजही माहीत नाही, आणि त्यावाचून काही अडलं नाही.

"का मारलंस त्याला?" असं विचारल्यावर सहा वर्षांचं मूल "माहीत नाही" म्हणतं, तेव्हा ते बहुधा खरं बोलत असतं. राग आत आहे, तो मांडायला शब्द नाहीत. खेळात मांडता येतो, आणि शिवाय बाजू बदलता येते. बरेच दिवस दवाखान्यात काढलेला एक मुलगा कित्येक आठवडे मला इंजेक्शनं देत होता. मी रडायचं नाही, हलायचं नाही, असा हुकूम होता. ज्याच्या अंगावर सगळं केलं गेलं, तो आता करणारा झाला होता. सुई कधी, किती वेळा, हे तो ठरवत होता. मग सुया कमी झाल्या, मलमपट्ट्या वाढल्या, आणि पुढे डॉक्टरच्या संचाकडे त्याचं लक्षच जाईना.

म्हणजे सगळं चालतं का? नाही. एखादं मूल खरंच मारायला धावलं तर मी सांगते, "तुला माझा खूप राग आलाय. पण मी मारण्यासाठी नाही. ती उशी मारण्यासाठी आहे." आधी राग मान्य, मग मर्यादा, मग दुसरी वाट. हा क्रम उलटा केला की सगळं भाषण होतं.

आणि खेळ म्हणजे पुरावा नव्हे. मुलाने बाबा-बाहुल्याला आपटलं म्हणजे घरी मारहाण होते, असा निष्कर्ष एका खेळावरून कोणी काढत असेल, तर तिथून उठून यावं.

उपयोग होतो याला आधार काय, हेही विचारलं जातं. २००५ मध्ये ९३ अभ्यास एकत्र तपासले गेले. प्ले थेरपी मिळालेल्या मुलांमध्ये ठळक फरक दिसला, आणि जिथे आईवडिलांनाच हे तंत्र शिकवलं होतं तिथे तो आणखी मोठा होता. पालकांना शिकवण्याची ही पद्धत बर्नार्ड आणि लुईस गर्नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९६० च्या दशकात सुरू केली. आठवड्यातून अर्धा तास, वेगळ्या ठेवलेल्या खेळण्यांसह, मोबाइल दुसऱ्या खोलीत. म्हणून मीही पालकांना थोडं शिकवते. आणि एक विनंती करते: मूल बाहेर आल्यावर "आज काय खेळलास?" विचारू नका.

परवा एका बाबांनी घरचा अर्धा तास करून पाहिला. दहाव्या मिनिटाला त्यांच्या तोंडून निघालंच, "अरे, असं नाही, चाक इकडून लाव." सांगताना ते ओशाळले होते. मी म्हटलं, पहिल्याच वेळी दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली.