रविवारी सिंहगड: पाऊण तासाची वाट, दोन तास दहा मिनिटं

आधी निकाल सांगते. रविवारी, त्यातून श्रावणातल्या रविवारी, गाडीने सिंहगडावर जाऊ नका. बरोबर वयस्कर माणसं असतील तर अजिबातच नको. चालत जा आणि सहाच्या आत पायथा सोडा. ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांना एवढं पुरे.

आता तक्रार. आम्ही कोल्हापूरचे, आत्या सदाशिव पेठेत. वर्षातून दोन-तीनदा काहीतरी निमित्त काढून सगळे तिच्याकडे जमतो. यावेळी तर निमित्तही नव्हतं. दादाचा, म्हणजे आतेभावाचा फोन आला: "नुसते या गं. दोन दिवस निवांत. रविवारी सकाळी सिंहगड करू. पाऊण तासात वर, पिठलं-भाकरी खायची, एकला घरी." यातलं पिठलं-भाकरी तेवढं खरं निघालं.

शुक्रवारी रात्री पावणेअकराला स्वारगेटला उतरलो. रिक्षावाला म्हणाला, "सदाशिव पेठ? दोनशे." पुण्यात २०२२च्या सप्टेंबरपासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असा दर लागला, तेव्हा मीटरने पन्नाशीच्या आत काम व्हायला हवं. मी वाद घातला, आई म्हणाली जाऊ दे, आणि आईच्या 'जाऊ दे'चे दीडशे गेले. स्टँडच्या दारातली रिक्षा घेऊ नका. सामान कमी असेल तर रस्ता ओलांडून पुढे चाला आणि चालती रिक्षा थांबवा.

शनिवार चांगला गेला. तुळशीबाग, सारसबाग, रात्री गच्चीवर अळूचं फदफदं आणि पत्ते.

रविवारी सहाला निघायचं ठरलं होतं. पेठेतलं घर, अकरा माणसं आणि बाथरूम एक. त्यात आत्या पोह्यांशिवाय कुणाला दाराबाहेर सोडत नाही. दोन गाड्यांतून निघालो तेव्हा आठ चाळीस झाले होते. पुण्याहून गड तीसेक किलोमीटर. खडकवासल्यापर्यंत कसंबसं पोचलो. धरणाशी कणसं खायला थांबलेल्यांनी रस्त्याची एक बाजू खाऊन टाकली होती. डोणज्याच्या पुढे मात्र सगळंच थांबलं. घाट चढायला लागल्यावर आम्ही एक तास चाळीस मिनिटं जवळजवळ एकाच जागी होतो. पुढच्या गाडीच्या क्लचचा जळका वास, मागे हॉर्न, आणि आतोबांना लघवीला जायचं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने घाटात कुठे जायचं, हे निवांत-निवांत म्हणणाऱ्यांनी सांगावं. शेवटी वरून निरोप आला की गडावरचं पार्किंग भरलंय, गाड्या खाली वळवा.

इथे शहाण्या माणसाने घरी जायचं असतं. आम्ही तसं केलं नाही. मोठ्यांना दुसऱ्या गाडीतून खडकवासल्याला भजी खायला पाठवलं आणि आम्ही पाच जण आतकरवाडीतून चालत निघालो. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं.

आतकरवाडीची वाट सुमारे पावणेतीन किलोमीटरची आहे. आकडा ऐकून फसू नका. गडाची उंची समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर, आणि चढ एवढ्याशा अंतरात संपवायचा, म्हणजे सपाट असं जवळजवळ काही नाहीच. मी आठवड्यातून चार दिवस रंकाळ्याला फेरी मारते, तेव्हा दम मला अगदीच नाही असं नाही. तरी पहिल्या पंधरा मिनिटांत कान गरम झाले. पावसाने लाल चिखल आणि हजारो पायांनी घासून गुळगुळीत झालेले दगड. माझ्या बुटांचे तळ झिजलेले. वहिनी पावसाळी सँडल घालून आलेली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. एके ठिकाणी मी बसले, तर दादा शेजारी उभा राहून सांगतोय की ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री तानाजी चढले तो डोणागिरीचा कडा पलीकडे आहे, ही वाट त्यामानाने राजमार्ग. तो स्वतः बोलताना दर तीन शब्दांनी थांबत होता.

खरी लाज पुढे वाटली. मागून आवाज आला, "ताई, जरा बाजूला." पन्नाशीच्या बाई. पायात साध्या स्लिपर, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी आणि पाटीत दह्याची मडकी, वर ओलं फडकं. हात सोडलेले. ज्या दगडावर मी दोन्ही हात टेकून चढले होते, त्यावर त्या नुसतं पाऊल टाकून पुढे गेल्या. तासाभराने पुणे दरवाज्यातून आत शिरलो, तर त्या दुकान मांडून बसलेल्या. "आलात का?" म्हणाल्या. आम्ही पाच जणांनी आठ मडकी दही संपवलं. भाव विचारलाच नाही, विचारायचं तोंडच नव्हतं.

दोन तास दहा मिनिटं लागली. दादाच्या नऊ वर्षांच्या पोराला एक तास, हेही लिहून ठेवते.

वर धुकं. देवटाकं सापडलं, टिळकांचा बंगला सापडला, कल्याण दरवाजा धुक्यात हरवला आणि आम्ही शोधला नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदाभजी. भुकेने म्हणा, पण उत्तम. सुटे पैसे ठेवा, माझ्या फोनची रेंज येत-जात होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. उतरताना जीपने जायचं ठरलं. आमच्यापुढच्या मुलाकडून सीटचे ऐंशी घेतले, आम्हाला दीडशे सांगितले. का, तर "फॅमिली आहे ना." मी भडकले आणि म्हटलं, चालत उतरू. ही या सहलीतली सर्वात महागडी बचत. उतार चढापेक्षा वाईट आहे. दम लागत नाही म्हणून माणूस फसतो. अर्ध्या वाटेवर मांड्या लटपटायला लागतात आणि मग प्रत्येक पायरीला गुडघा हिशेब मागतो. वहिनी दोनदा घसरली, मी एकदा, आणि शेवटचा टप्पा मी अक्षरशः बसून उतरले. कोरडा, पकड असलेला बूट नसेल तर पावसात उतरायचं नाव काढू नका. काठी घ्या. जीपला दीडशे मागितले तर थोडी घासाघीस करा आणि मुकाट द्या.

पुन्हा जाईन का? जाईन, पण मंगळवारी, स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीच्या सिटी बसने आणि दादाला न सांगता.

आईला मुळात आगाखान पॅलेस बघायचा होता. ते काय बघायचं म्हणून शनिवारी दादाने उडवून लावलं होतं. सोमवारी सकाळी मी हट्टाने घेऊन गेले. मंडईहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलायची, कल्याणीनगरला उतरायचं. सपाट जागा, मोठी झाडं, बसायला जागा. २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा इथेच नजरकैदेत असताना वारल्या, त्यांची समाधी मागच्या बाजूला आहे. शेजारी महादेवभाई देसाईंची. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. मी बाकावर बसून होते, कारण समाधीपाशी जाताना दोन पायऱ्या होत्या.

स्वारगेटला कोल्हापूरच्या गाडीत मी कठडा धरून आडवी चढले. मागचा कंडक्टर म्हणाला, "सिंहगड का?"